लाटसाहेबाच्या खुर्चीचं काय झालं

दोन विहिणींना एका खोलीत कोंडलं आणि समोर समुद्र ठेवला की त्यांचं आपोआप जमेल, ही कल्पना ज्या दोघांना सुचली त्यांच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. त्यामुळे त्यांना माफ करायला हवं. जावई म्हणाला, "आईला इतिहासाचं वेड, आणि त्या बेटावर खच्चून इतिहास आहे." लेक म्हणाली, "माझ्या आईने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलाय." मग दोघांनी मिळून सहल ठरवली आणि प्रत्येकीला सांगितलं की दुसरीच फार मागे लागली आहे.

दोघी फसल्या. आपल्या मागे कुणीच लागलेलं नव्हतं, हे त्यांना विमानात शेजारी-शेजारी बसल्यावर कळलं. तोवर दारं बंद झाली होती.

मुलीची आई म्हणजे कंडक्टरबाई. नोकरी कधीच संपली, तरी गल्लीत याच नावाने ओळख. उभा जन्म बसमध्ये उभ्याने गेलेला. पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं, खांद्याला तिकिटांच्या पिशवीने पाडलेला खळगा, आणि आवाज असा की मागच्या सीटवर घोरणाऱ्याने आपला स्टॉप आला म्हणून ताडकन उठावं. मुलाची आई म्हणजे हेडबाई. एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, इतिहास शिकवायच्या. चार माणसं एकत्र बसलेली दिसली की त्यांचा घसा आपोआप साफ होई.

दोघींचं बिनसलं होतं ते लग्नातच. नवरानवरीबरोबर फोटो काढायला पाहुण्यांची रांग लागली, ती हलेना. कंडक्टरबाईंना रांग हलली नाही की अस्वस्थ होतं. त्यांनी टाळी वाजवली आणि मांडव दणाणला, "पुढे सरका, पुढे सरका! मध्ये सगळं रिकामं आहे!" वर हेडबाईंच्या एका वजनदार आतेदिरांना कोपराने पुढे लोटलंही. हेडबाई आपल्या बहिणीला म्हणाल्या, "आता घंटी मारायची तेवढी बाकी आहे." हे वाक्य जेवणाच्या पंगतीतून फिरत फिरत कंडक्टरबाईंच्या ताटापर्यंत आलं. तेव्हापासून दोघींमध्ये "नमस्कार, बऱ्या आहात ना?" यापलीकडे एक शब्द गेला नव्हता.

हॉटेलच्या खोलीत दोन पलंग होते आणि प्रत्येकावर टॉवेलचा एकेक हंस करून ठेवला होता. हेडबाईंनी आपल्या हंसाचा फोटो काढला. कंडक्टरबाईंनी आपला हंस मान धरून झटकला आणि तोंड पुसलं.

"कलाकुसर होती ती," हेडबाई म्हणाल्या.

"टॉवेल होता," कंडक्टरबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या हिरवळीवर बेटाचं प्राचीन युद्धनृत्य होतं. मशाली पेटल्या, ढोल वाजले, अंगाला रंग फासलेले पाच-सहा गडी भाले नाचवत पाहुण्यांच्या अंगावर धावून आले. हेडबाई पुढच्या रांगेत ताठ बसून एकेक हालचाल टिपत होत्या. कंडक्टरबाईंनी शेजारून कोपर मारलं. "तो उजवीकडचा बघा. सकाळी माझ्या चहात साखर घालायला विसरला तोच. आता डोळे काय वटारतोय!"

नाच संपल्यावर हेडबाईंनी हॉटेलच्या वाटाड्याला गाठलं. हा वाटाड्या हसतमुख, गोल पोटाचा, आणि अंगात भडक फुलाफुलांचा शर्ट. कंडक्टरबाईंनी त्याचं नाव ठेवलं 'फुलशर्ट'. "अहो, पण हाफ आहे तो," हेडबाई म्हणाल्या होत्या, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आपल्याकडच्या पाहुण्यांचं ऐकून ऐकून तो आपली भाषा शिकला होता. शब्द सगळे होते, फक्त कुठला शब्द बाई आणि कुठला बाप्या, याच्या फंदात तो पडला नव्हता.

"हे नृत्य कोणत्या लढाईचं?" हेडबाईंनी विचारलं.

"लढाई?" फुलशर्टने खांदे उडवले. "लढाई कधी झालाच नाही इथे. मॅनेजर म्हणाली, पाहुणे संध्याकाळी कंटाळते. मग तिने नाच बसवली."

"मॅनेजर बाई आहेत?"

"नाही. मोठी मिशी आहे तिला."

कंडक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. हेडबाईंचा चेहरा मात्र पडला. इतक्या लांब येऊन आपल्या पदरात पडलं काय, तर मॅनेजरची करमणूक. त्या रात्री त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या, आणि कंडक्टरबाईंना उगीचच थोडं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी लाटसाहेबाचा बंगला पाहायचा होता. तो टेकडीवर होता आणि टेकडीला दगडी पायऱ्या होत्या. ऊन असं की सावलीलाही घाम फुटावा. हेडबाई छत्री घेऊन पुढे, फुलशर्ट मध्ये, आणि मागे कंडक्टरबाई एकेका पायरीला एकेक शिवी घालत.

"लाटसाहेब रोज चढायचा का हे?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"साहेब कशाला चढेल? साहेब बसायची," फुलशर्ट म्हणाला. "खुर्चीत. चार माणूस खुर्ची उचलायची, बंदरापासून वरपर्यंत. साहेब वर बसून पेपर वाचायची. माझा पणजोबा पुढच्या दांड्याला असायची."

"उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं," कंडक्टरबाई म्हणाल्या. "हा शेळ्यांवर बसून शेळ्या हाकत होता."

हेडबाई वळल्या. कंडक्टरबाईंना वाटलं, आता ओरडणार. पण त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला आणि त्या घाईने पुन्हा पुढे बघून चढू लागल्या.

बंगल्याच्या दारात एक उंच, हडकुळी बाई उभी होती. कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा. ती फुलशर्टची आई, म्हणजे बंगल्याची राखणदार. तिने पाहुण्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, चपला काढायला लावल्या आणि कडीकुलपं उघडत पुढे चालू लागली. जमिनीच्या लाकडी फळ्यांना इतकं पॉलिश होतं की कंडक्टरबाईंना आपली बोटं त्यात दिसली. सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. काचेच्या कपाटांत साहेबाचा दात घासायचा ब्रश, साहेबाचं दाढीचं सामान, साहेबाची छत्री. एका खोलीत नुसताच साहेबाचा आंघोळीचा टब. त्याच्या कुत्र्याचा गळपट्टाही होता, आणि कुत्र्याचं भलंमोठं तैलचित्र. बेटावरच्या माणसांच्या वाट्याला शेवटच्या दालनातला एक कोपरा आला होता. तिथे एक वल्हं आणि एक टोपली.

हेडबाई त्या कोपऱ्यात बराच वेळ थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुत्र्याचं नाव लिहिलंय. वल्हं कुणाचं, ते नाही."

"कुत्रा जास्त घरोब्यातला असेल," कंडक्टरबाई म्हणाल्या.

त्यांचं लक्ष खरं तर दुसरीकडेच होतं. पायऱ्यांनी पोटऱ्यांत गोळे आले होते आणि अख्ख्या बंगल्यात बुड टेकायला जागा नव्हती. बाक नाही, स्टूल नाही, ओटा नाही. राखणदारीणसुद्धा भिंतीला न टेकता उभी. तिच्या घोट्यांकडे कंडक्टरबाईंची नजर गेली आणि ओळख पटली. सुजलेले होते. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचे घोटे त्या झोपेतही ओळखू शकल्या असत्या.

अख्ख्या बंगल्यात खुर्ची एकच होती आणि ती त्याच दालनात, मधोमध. काळ्या लाकडाची, हातांवर सिंहाची तोंडं, बैठक वेताने विणलेली, दोन्ही बाजूंना खांद्यावर घ्यायचे लांब दांडे. भोवती लाल मखमली दोर. समोर तिवईवर जाडजूड लाकडी फळी, आणि तिच्यावर तीन भाषांत कोरलेलं: हात लावू नये.

हेडबाईंनी घसा साफ केला. "लक्षात घ्या, वारे ज्या दिशेने वाहत त्या दिशेने गलबतं येत. आणि गलबतांमागून व्यापार, व्यापारामागून..." त्यांनी खिडकीतून समुद्राकडे हात केला. फुलशर्ट आणि त्याची आई शाळेतल्या पोरांसारखी तिकडे बघू लागली. हेडबाईंच्या आवाजात ती ताकद होती.

कंडक्टरबाईंनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. फळीवर लिहिलं होतं हात लावू नये. हात लावायचा त्यांचा विचारही नव्हता. त्यांनी दोर उचलला, खाली वाकून आत शिरल्या आणि बसल्या.

"आई गं," त्या पुटपुटल्या. पायांतून मुंग्या सळसळत वर गेल्या. हेडबाईंचे वारे, गलबतं, व्यापार सगळं लांब कुठेतरी अंगाईसारखं ऐकू येऊ लागलं. डोळे मिटले. आणि तेवढ्यात खालून आवाज आला, कर्रर्र.

वेताने आधी विचार केला असावा. मग एकदम जीव सोडला. कंडक्टरबाई बैठकीतून सरळ खाली गेल्या, त्या सिंहांच्या जबड्यांमध्ये घट्ट अडकून थांबल्या. बूड जमिनीपासून वीतभर वर आणि गुडघे कानांपाशी.

हेडबाई वळल्या. त्यांच्या तोंडून जे निघालं ते अगदी अनपेक्षित होतं. "अगं उठ! अगं बाई, उठ ना!"

"उठता आलं असतं तर इथे काय ध्यान करत बसलेय?" कंडक्टरबाई म्हणाल्या. पण 'अगं' त्यांनी ऐकलं होतं. ते त्यांनी मनात बाजूला ठेवून दिलं.

राखणदारणीच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला. ती किंचाळली नाही, दोन्ही हात गालांवर ठेवून नुसती बघत राहिली, आणि ते किंचाळण्यापेक्षा वाईट होतं. फुलशर्टची बोबडी वळली. "बाई, बाई, काय केलास! ही खुर्ची रोज माझा आई पुसतो! तो स्वतः कधी बसला नाही!"

हेडबाईंनी कंडक्टरबाईंचे हात धरून ओढलं. खुर्चीच पुढे सरकत आली. फुलशर्टने मागून खुर्ची धरली, हेडबाईंनी पुन्हा ओढलं, त्यांचा अंबाडा सुटला, चष्मा एका कानावर लोंबला. कंडक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत.

मग राखणदारीण बोलली. तिच्या भाषेत, कोरड्या, बारीक आवाजात. फुलशर्टने सांगितलं, "आई विचारतो, ही बाई कोण तुमचा?"

हेडबाई थांबल्या. कंडक्टरबाईंनी त्या खड्ड्यातून वर पाहिलं. हा चेहरा त्यांनी पाहिलेला होता, लग्नाच्या मांडवात. आता ही म्हणणार, विमानात शेजारी होती, तेवढीच ओळख. म्हणू दे. आपणही असंच म्हटलं असतं कदाचित.

हेडबाईंनी चष्मा नीट केला. केस सुटलेले, पदर घसरलेला, तरी आवाज अख्ख्या शाळेचा निघाला. "ही माझी विहीण आहे. माझ्या सुनेची आई. आणि इतक्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला टेकायला साधा एक बाक ठेवता येत नाही का तुम्हाला? वेत कुजलाय हे दिसत नाही? रोज पुसता ना?"

फुलशर्टने हे त्याच्या आईला सांगताना बरंच गाळलं असणार, कारण ते फार लवकर संपलं.

एवढ्यात मागच्या दारावर काठी वाजली. दारात एक म्हातारी उभी होती. वाळून खारीक झालेली, पाठीतून वाकलेली, अंगात घरातला मळका झगा. तिला पाहून राखणदारणीचा चेहरा खुर्ची मोडली तेव्हा उतरला नव्हता इतका उतरला. फुलशर्ट कुजबुजला, "माझा आजी. मागच्या खोलीत राहतो, इथेच, भिंतीपलीकडे. पण बंगल्यात कधी आला नाही. जन्मात नाही."

"का?" हेडबाईंनी विचारलं.

"पुढच्या दांड्याला आजीचा बाप होती ना. खांदा असा झाली होती." त्याने आपला उजवा खांदा कानाला लावून दाखवला. "मेली तेव्हा तिरडीवरसुद्धा सरळ झोपली नाही. आजी म्हणाला, ती खुर्ची जोवर देवासारखी बसवून ठेवलीय तोवर मी उंबरा ओलांडणार नाही. आईने इथे नोकरी धरली, तर एक वर्ष बोलला नाही आईशी."

म्हातारीने उंबरा ओलांडला. काठी टेकत टेकत खुर्चीभोवती एक फेरी मारली. काठीच्या टोकाने सिंहाच्या नाकावर टकटक केलं. मग वाकून कंडक्टरबाईंच्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि काहीतरी विचारलं.

"आजी म्हणतो, तू मोडली?"

"मीच मोडली," कंडक्टरबाई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं?

"कशाने मोडली, विचारतो."

कंडक्टरबाईंनी कशीबशी एक बाजू मोकळी करून आपल्या ढुंगणावर थाप मारली.

म्हातारीच्या घशातून आधी खरवडल्यासारखा आवाज आला. सगळ्यांना वाटलं तिला काही होतंय. राखणदारीण धावली. पण म्हातारी हसत होती. काठीवर भार टाकून, दात नसलेलं तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तिचं बघून कंडक्टरबाईंना हसू फुटलं आणि त्या हसल्या तशी खुर्ची कुरकुरली. मग हेडबाई. त्यांचं हसणं कंडक्टरबाईंनी आजवर ऐकलंच नव्हतं. नाकातून फुर्रकन सुटायचं, अगदी वर्गात शेवटच्या बाकावरून सुटतं तसं.

एकटी राखणदारीण हसली नाही. म्हातारीने तिच्याकडे वळून दोन शब्द सांगितले. ती हलली नाही. म्हातारीने तेच दोन शब्द पुन्हा सांगितले.

"काप म्हणतो," फुलशर्ट हळूच म्हणाला.

राखणदारीण आत गेली आणि भाजीची सुरी घेऊन आली. गुडघ्यांवर बसली. इतकी वर्षं जो वेत फडक्याने पुसला, त्याची एकेक वीण ती कापू लागली. पहिल्या दोन-तीन विणींपाशी तिची सुरी अडखळली. कंडक्टरबाईंना ते आपल्या मांडीपाशी जाणवलं आणि भीतीही वाटली, कारण सुरीला धार होती. "सावकाश गं बाई," त्या म्हणाल्या. "तुझा साहेब गेला, माझी मांडी अजून वापरात आहे." फुलशर्टने हे सांगितलं तेव्हा राखणदारीण पहिल्यांदा, वर न बघता, हसली. त्यानंतरच्या विणी तिने सटासट कापल्या.

कंडक्टरबाई फणसासारख्या धपकन खाली पडल्या, रांगत बाहेर आल्या आणि हेडबाईंचा हात धरून उठल्या.

म्हातारीने काठीने खुर्ची दाखवली आणि मग स्वतःची छाती.

"आता आजीला बसायचंय," फुलशर्ट म्हणाला.

"कशावर? मी खाली काही ठेवलंय का?" कंडक्टरबाई म्हणाल्या. खुर्चीच्या मधोमध ढळढळीत भोक होतं.

उपाय हेडबाईंनी काढला. कसा काय, ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तिवईवरची ती जाडजूड फळी उचलली आणि भोकावर आडवी टाकली. अक्षरं वर. फळी मापाची निघाली. 'हात लावू नये' या तीन भाषांतल्या आज्ञेवर म्हातारी सावकाश टेकली, दोन्ही सिंहांच्या तोंडांत बोटं घातली आणि म्हणाली, उचला.

हे भाषांतराशिवाय कळलं.

पुढच्या दांड्यांना फुलशर्ट आणि त्याची आई. मागच्या दांड्यांना दोघी विहिणी. हेडबाईंनी आयुष्यात खडूच्या खोक्यापेक्षा जड काही खांद्यावर घेतलेलं नव्हतं, पण त्यांनी पदर खोचला. कंडक्टरबाईंच्या खांद्यावर खळगा तयारच होता, दांडा त्यात बरोबर बसला. "हं, उचला," त्या म्हणाल्या आणि खुर्ची वर आली. म्हातारी हलकी होती. जड होती ती खुर्ची. रिकामी असती तरी मान मोडणारी.

दालनातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून अंगणात. दारात फुलशर्ट अडखळला तेव्हा कंडक्टरबाईंच्या तोंडून सवयीने गेलंच, "चला, चला, दारात उभं राहू नका!" हेडबाई दात-ओठ खात होत्या, तरी त्यांच्या नाकातून पुन्हा फुर्र झालं. अंगणातून खाली पायऱ्या दिसत होत्या, त्यांच्या टोकाला बंदर, आणि चहूबाजूंनी निळंशार पाणी. मग म्हातारीने काहीतरी म्हटलं.

फुलशर्टला दांड्याखालून वळता येईना. समोर बघतच तो ओरडला, "आजी म्हणतो, इथून फक्त मान दिसतो."

"दिसतो नाही, दिसते," हेडबाई धापा टाकत म्हणाल्या. "मान दिसतो म्हणजे वेगळं. आणि मान दिसते म्हणजे..." त्या मध्येच थांबल्या. त्यांच्या समोर खुर्चीची पाठ होती, पण तिच्या कडेने राखणदारणीची घामाने थबथबलेली मान त्यांना दिसली. दांड्याखाली एका बाजूला वाकलेली.

म्हातारी पुन्हा बोलली, या वेळी सावकाश. फुलशर्टनेही सावकाश सांगितलं. "म्हणतो, माझा बाप रोज साहेबाला वाहायची. पण साहेबाने बापाचा तोंड कधी पाहिलाच नसेल. इथून दिसतच नाही. रस्त्यात भेटली असती तर ओळखली नसती."

खाली बंदरावर कुणीतरी खिळे ठोकत होतं, तेवढा आवाज येत होता. मग म्हातारीने सिंहाच्या डोक्यावर थाप मारली. खाली ठेवा. ठेवली. उतरता उतरता ती कंबर चोळत आणखी काहीतरी पुटपुटली.

"आणि टोचतो म्हणतो. एवढ्या त्रासाची खुर्ची, आणि बसायला काही धड नाही."

"बसच्या सीटपेक्षा वाईट," कंडक्टरबाई म्हणाल्या. "मी तर म्हणते, कुणी बसून बघितलं नाही म्हणून इतकी वर्षं टिकली."

त्या दिवशीचा पुढचा सगळा कार्यक्रम बुडाला. सूर्यास्ताची होडी यांना न घेताच गेली. दोघी विहिणी बंगल्यामागच्या म्हातारीच्या खोलीत जेवल्या. भात होता, मासे होते, आणि बसायला जमीन होती. जेवल्यावर म्हातारीने न विचारता कंडक्टरबाईंचे पाय मांडीवर ओढून घेतले आणि तेल लावून निळ्या शिरांवरून अंगठा फिरवू लागली. कंडक्टरबाईंना आयुष्यात कुणी पाय चेपून दिले नव्हते. नवऱ्याचे चेपले होते, सासूचे चेपले होते. त्या संकोचाने "राहू दे, राहू दे" म्हणत राहिल्या, पण पाय काही मागे घेतले नाहीत.

हेडबाईंनी म्हातारीला वडिलांचं नाव विचारलं. तिने सांगितलं. उच्चार कठीण होता. हेडबाईंनी म्हणून पाहिला, म्हातारीने दुरुस्त केला, पुन्हा म्हणून पाहिला, पुन्हा दुरुस्त केला. पोरांना सनावळ्या घोकायला लावणारी बाई मांडी घालून एक नाव घोकत होती, आणि म्हातारीने होकारार्थी मान हलवली तेव्हा ती खरंच खूश झाली.

खुर्चीचं काय झालं, हे त्यांना निघायच्या आदल्या दिवशी दिसलं. निरोप घ्यायला पुन्हा पायऱ्या चढल्या तर लाल मखमली दोराने अंगणात बकरी बांधलेली होती. खुर्ची व्हरांड्यात होती. भोकावर ती फळी तशीच, आणि फळीवर राखणदारीण बसून किल्ल्या पुसत होती. त्यांना बघून ती उठली नाही. नुसतं हसून सरकली, पण खुर्ची एकाच माणसाची, सरकून जागा होईना, तेव्हा तिने आतून दोन नवी स्टुलं आणून दिली.

वर्तमानपत्रात काही आलं नाही, कुणी दंड केला नाही. वरच्या कचेरीतला एक साहेब येऊन बघून गेला म्हणे, पण फुलशर्टने त्यालाही त्या फळीवर बसवलं आणि तो फोटो काढून निघून गेला.

त्याआधीच्या दिवसांत संग्रहालयं, अवशेष, जुनं दीपगृह असं बरंच बघायचं बाकी होतं. हेडबाईंचा खांदा टम्म सुजला होता. त्या म्हणाल्या, "इतिहास पुरे झाला. दुखतो."

मग दोघी समुद्रावर गेल्या. कंडक्टरबाई साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरल्या. पहिली लाट पायांखालची वाळू घेऊन गेली तशा त्या दचकल्या आणि त्यांनी हेडबाईंचा दंड धरला, नेमका दुखरा. हेडबाई कळवळल्या. दुसऱ्या लाटेने दोघींना बसवलं. तिसरीने कंडक्टरबाईंची एक चप्पल नेली. त्यांनी समुद्राला अशा शिव्या घातल्या की शेजारचं परदेशी जोडपं टॉवेल उचलून लांब गेलं.

"तू त्या दिवशी मला अगं म्हणालीस," वाळूत पाय पसरून बसल्यावर कंडक्टरबाई म्हणाल्या. आपण 'तू' म्हटलं, हे म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"अहो म्हणायला वेळ कुठे होता?" हेडबाई म्हणाल्या. "तुझं बूड निम्मं खाली गेलं होतं."

दुपारी लेकीचा फोन आला. हेडबाई माडाच्या सावलीत आडव्या झाल्या होत्या, तोंड उघडं, कानात वाळू.

"आई, कसं चाललंय? भांडलात का?"

"हळू बोल. झोपलीय ती."

"कोण ती?"

"तुझी सासू."

"आई! तू त्यांना 'ती' म्हणतेस?"

"मग काय 'ते' म्हणू? घोरते बघ कशी. ऐकायचंय?" कंडक्टरबाईंनी फोन हेडबाईंच्या नाकाजवळ धरला आणि पुन्हा कानाला लावला. पलीकडे लेकीने फोनवर हात ठेवून नवऱ्याला हाक मारलेली ऐकू आली. लवकर ये, म्हणाली, तिकडे काहीतरी झालंय.